धुरांड्यावरून गेलेलं विमान

१

डब्यातून कॅमेऱ्याचं नेमकं एकच कार्ड गेलं होतं. बाकीची आपापल्या कागदी पाकिटांत, शहाण्या मुलांसारखी ओळीत बसली होती.

बेकरीच्या गच्चीवरच्या खोलीत चौघांनी तो पत्र्याचा डबा आळीपाळीने पाहिला. बेकरीवाल्याने तर उलटा करून आपटला. त्यातून बिस्किटाचा चुरा पडला, कारण डबा मुळात त्याच्याच बिस्किटांचा होता. मग फोटोवाली उठून उभी राहिली. मुलगी तशी मऊ बोलणारी. स्टुडिओत दिवसभर लोकांना "हनुवटी थोडी खाली" म्हणून म्हणून तिचा आवाजही खालीच राहिला होता. पण त्या दुपारी तो जिन्यापर्यंत ऐकू आला.

"टॉवरसाहेब, माझं कार्ड तुम्ही घेतलंय."

जिन्यात चहाचा थर्मास घेऊन सामानताई उभी होती. टॉवरसाहेब तिचे सख्खे थोरले भाऊ. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर तिने चोर पाहिले होते, पण ते दुसऱ्यांचे भाऊ होते.

या मंडळींचा उद्योग म्हणजे दर रविवारी दुपारी गच्चीवर खुर्च्या टाकून आकाशातून जाणारी विमानं ओळखायची. खाली भट्ट्या, त्यामुळे थंडीतही फरशी उबदार. बेकरीवाल्याची गच्ची, दातांच्या डॉक्टरांचे विनोद, फोटोवालीचा कॅमेरा आणि टॉवरसाहेबांचं ज्ञान, एवढ्या भांडवलावर मंडळ चाललं होतं. टॉवरसाहेब विमानतळाच्या टॉवरवरून निवृत्त झालेले. लांबून विमान दिसलं की गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावायचे आणि इतरांची मान वर होईपर्यंत विमानाचं कूळ-मूळ सांगून मोकळे व्हायचे. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मंडळाचा एक नियम होता. ज्या कार्डावर फोटो काढला ते कार्ड वर्षअखेरपर्यंत डब्यात ठेवायचं. पूर्वी एका सभासदाने फोटोत घरबसल्या दोन इंजिनं जास्तीची जोडली होती, तेव्हापासूनचा हा नियम. डबा कपाटात, आणि कपाटाची किल्ली टॉवरसाहेबांच्या जानव्यासारखी कायम त्यांच्या गळ्यात.

"मी?" टॉवरसाहेब म्हणाले. "अगं मुली, मी आयुष्यभर विमानं खाली उतरवली. कुणाची वस्तू कधी उचलली नाही."

"मग गेलं कुठे? संग्रहालयाला या आठवड्यात मूळ कार्ड हवंय. नाहीतर त्यांच्याकडची नोकरी दुसऱ्याला जाईल, आणि वर मी फोटो बनवून दिला असं कायमचं माझ्या नावावर लागेल." ती त्यांच्या खुर्चीपुढे आली. "खोटी म्हणालात तेव्हा मी ऐकून घेतलं. आता पुरावाही नेलात?"

"अहो, शांत व्हा, शांत," डॉक्टर म्हणाले. बेकरीवाला डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा लावत आणि काढत होता.

टॉवरसाहेबांनी मान जिन्याकडे वळवली. "चिमणे, आलीस ना? थर्मासचा आवाज आला. हे बघा, माझी बहीण शोधेल. तिच्यापुढे भलेभले टिकले नाहीत. आणि तिला मीच चोर वाटलो, तर तिने चारचौघांत तसं सांगावं. माझी हरकत नाही."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

२

सामानताईची सारी नोकरी रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीत गेली. तिथे लोक येत, आणि दुसऱ्याची बॅग आपली म्हणून मागत. त्या खिडकीने तिला एक गोष्ट शिकवली होती: खरा मालक वस्तूची खोड सांगतो, खोटा मालक वस्तूचं नाव सांगतो. "निळी, मोठी, चांगल्या कंपनीची बॅग" म्हणणाऱ्याला ती चहा पाजून परत पाठवायची. "साखळी अर्ध्यावर अडकते, मग खालून ढकलावी लागते" म्हणणाऱ्यापुढे मुकाट्याने बॅग ठेवायची.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली. फोटोवालीने तिला ग्राहकांच्या स्टुलावर बसवलं, कारण दुसरी खुर्चीच नव्हती.

"त्या रविवारी मी नव्हते," सामानताई म्हणाली. "गुडघे धरले होते. पहिल्यापासून सांग. काय पाहिलंस?"

"मावशी, कॅमेऱ्याच्या भिंगातून बघितलं, त्याच्या डाव्या पंखाखाली एक नळकांडं होतं आणि उजव्या पंखाखाली काहीच नव्हतं," ती पटकन म्हणाली. "मला वाटलं आता कलंडेल. पंख तर इतके लांब आणि बारीक, की मधलं धड उगाच चिकटवल्यासारखं. खूप उंच होतं. मागे धुराची रेघ नाही, आवाज नाही. जुन्या गिरणीच्या धुरांड्यावरून सावकाश गेलं. मी धुरांड्याच्या बाजूच्या कठड्याला टेकून फोटो काढला."

सामानताईने डोळे मिटून घेतले. साखळी अर्ध्यावर अडकते. खोटा फोटो बनवणारा माणूस दोन्ही पंखांना नळकांडी लावतो. एकाच पंखाला लावायचं त्याच्या डोक्यातही येत नाही.

"मग?"

"मग मोठी प्रत काढून विमान संग्रहालयाच्या प्रदर्शनात दिली. त्यांना आवडली. म्हणाले, आमच्याकडे छायाचित्रकाराची जागा आहे, येणार का. मावशी, आठ-दहा वर्षं मी लोकांच्या हनुवट्या खाली करतेय." तिने हसायचा प्रयत्न केला. "उद्घाटनाला टॉवरसाहेब आले. कुणीतरी विचारलं, हे कुठलं विमान? तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, 'त्या दुपारी एकच विमान गेलं आणि ते मी माझ्या दुर्बिणीतून पाहिलं. चार इंजिनं, जाड पोट, उंच शेपूट. रविवारचं मालवाहू. हे चित्र बनवलेलं आहे.' मी डॉक्टरकाकांकडे बघितलं, बेकरीवाल्या दादांकडे बघितलं. दोघांनी त्यांच्या म्हणण्याला माना डोलावल्या."

"त्या कार्डावर आणखी काय होतं?"

"काही नाही. विमान गेल्यावर मी वळून मंडळींचा एक फोटो काढला. तो बिघडलाच. टॉवरसाहेब नेमके पाठमोरे आले. बेकरीवाले दादा ट्रे धरून पुतळ्यासारखे. आणि डॉक्टरकाका आ वासून वर बघतायत. कॅमेऱ्यात दाखवला तर म्हणाले, 'पुसून टाक गं, जन्मभर लोकांना आ करायला लावलं, आता माझाच आ जगाला दाखवतेस काय.'" आता ती खरंच हसली. "मी पुसला नाही. गंमत वाटली म्हणून ठेवला."

"कार्डावर तुझं नाव कसं घातलं होतंस?"

"पाकिटावर. पेन्सिलीने, बारीक."

तिने वहीच्या कोपऱ्यावर नाव लिहून दाखवलं. मुंगीने चालता चालता काढावं तसं अक्षर. सामानताईला चष्मा नाकावर खाली ओढून वाचावं लागलं.

बाहेर पडताना तिला एवढं पक्कं कळलं होतं की मुलगी खरं बोलते आहे. मग खोटं कोण बोललं, हे कळायला रेल्वेची नोकरी लागत नव्हती. घरी जायच्या रस्त्याला लागायचं सोडून ती दोनदा चुकीच्या गल्लीत वळली.

३

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला खुर्चीवरच बसवलं आणि दिवा तिच्या तोंडाकडे वळवता वळवता आवरला.

"सवय," ते म्हणाले. "ताई, कशाला या भानगडीत पडता? कार्डच ते, पडलं असेल कुठेतरी."

"पडेल की. डब्याला पाय असतील तर. डॉक्टर, त्या दुपारी तुम्ही काय पाहिलंत?"

"तेच. चार इंजिनं, जाड पोट, उंच शेपूट."

"आणखी?"

"आणखी काय? रविवारचं मालवाहू." डॉक्टर एरवी एका दाढेवर अर्धा तास बोलू शकत. आज ते हात धुवायला उठले आणि बराच वेळ धूतच राहिले.

बेकरीत ती गेली तेव्हा मालकाने कणीक मळणाऱ्या माणसाला बाजूला सारलं आणि स्वतः मळू लागला. हात कामात असले की माणसाला डोळे कुठे ठेवायचे हा प्रश्न पडत नाही.

"चार इंजिनं," तो कणकेला म्हणाला. "जाड पोट. उंच शेपूट."

तोच क्रम, तेच शब्द. एकाच बॅगेवर तीन माणसांनी हक्क सांगावा आणि तिघांनीही वरची चिठ्ठी वाचून दाखवावी तसं. सामानताईची नजर त्याच्या अंगठ्याकडे गेली. बुडाशी भाजल्याचा लांबट डाग होता, नवी गुलाबी कातडी नुकती धरू लागलेली.

"हे केव्हाचं हो?"

"हे? त्याच रविवारी. वर बिस्किटं घेऊन गेलो, ट्रे तापलेला, फडकं सरकलं, पण भानच राहिलं नाही. ते एवढं..." तो थांबला. कणकेत त्याची बोटं थांबली.

"ते मालवाहू दर रविवारी जातं ना?"

"जातं."

"दर रविवारी अंगठा भाजून घेता?"

बेकरीवाल्याने मान खाली घातली. जाता जाता तिने विचारलं, "गच्चीवरच्या कपाटाची दुसरी किल्ली आहे का?"

त्याने भट्टीशेजारच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. किल्ली लटकत होती. खिळ्याच्या आजूबाजूला सगळीकडे पीठ बसलेलं, किल्ली मात्र लख्ख पुसलेली.

"कोणी नेली होती?"

"ताई, हात जोडतो," तो खरोखर हात जोडून म्हणाला, आणि दोन्ही हातांची कणीक एकमेकांना चिकटली. "हे तुम्ही शोधू नका. तुमच्यासाठीच सांगतोय."

तुमच्यासाठी! म्हणजे शेवटी पाणी तिच्याच घरी मुरत होतं.

४

टॉवरसाहेब, म्हणजे तिचे दादा, घरी खिडकीपाशी बसून चहा घेत होते. चहा ओततानाही कपाच्या कडेवर त्यांचं बोट होतं. गरम आहे का बघायची त्यांची जुनी सवय. निदान घरात तसं म्हणायची पद्धत होती.

"काय म्हणतोय तपास?"

"चाललाय. दादा, तू त्या दिवशी काय पाहिलंस?"

"चार इंजिनं, जाड पोट, उंच शेपूट," दादा धडाधड म्हणाले. "रविवारचं मालवाहू."

"त्याची काही खोड? रंग उडालेला, एखादं दार वेगळ्या रंगाचं?"

दादांनी कप खाली ठेवला. "एवढ्या उंचावर खोडी दिसतात होय?"

"तुझ्या दुर्बिणीतून दिसत असतील."

"दिसतात तेव्हा दिसतात." ते उठले आणि आंघोळीला गेले. दुर्बीण खुर्चीच्या पाठीवर अडकवलेली राहिली.

सामानताईने ती उचलली. भावाच्या वस्तूला न विचारता हात लावणं तिला लहानपणापासून माहीत नव्हतं. तिने ती डोळ्यांना लावली आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे धरली.

दूध दिसलं. फक्त दूध.

तिने काच पुसली. पुन्हा दूध. काचेच्या आतून बुरशी धरली होती, जाळीदार, दाट, बऱ्याच दिवसांची. या दुर्बिणीतून चार इंजिनं सोडा, सूर्य कुठल्या बाजूला आहे तेवढं कळलं असतं. आणि दर रविवारी दादा हीच डोळ्यांना लावून बोलत होते. काच आंधळी झाल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

ती दुर्बीण घेऊन खुर्चीत बसली. कळायचं काय राहिलं होतं? पेपर ती रोज मोठ्याने वाचायची, कारण दादांचा चष्मा "दुरुस्तीला" असायचा. मिठाची आणि साखरेची बरणी तिने वेगवेगळ्या आकारांची आणली होती. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना तिने पांढरे पट्टे रंगवले होते आणि शेजारणीला सांगितलं होतं, "माझ्या गुडघ्यांसाठी हो." परक्या माणसाचं खोटं खिडकीतून ओळखणारी ती, घरातलं खोटं स्वतःच्या हाताने रंगवत होती.

दादा विमानं ऐकत होते. आवाजावरून जात ओळखत, आवाजाच्या थोडं पुढे दुर्बीण धरत. जन्मभराचा कान, क्वचितच चुकत असेल.

आणि मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली, तशी ती ताठ झाली. सगळी कार्डं एकसारखी काळी. ओळख काय, तर पाकिटावरचं मुंगीच्या पायांचं अक्षर. नेलेलं कार्ड नेमकं तेवढंच. दादांनी चोरी केली असती तर त्यांना अख्खा डबा न्यावा लागला असता.

दादा चोर नव्हते. त्यांच्या बाजूने पुरावा एकच होता: त्यांना दिसत नाही. ज्या चारचौघांसमोर ते दर रविवारी डोळ्यांना दुर्बीण लावून बसत, त्याच चारचौघांसमोर तो मांडायचा होता.

दादा टॉवेलने डोकं पुसत आले. "काय करतेस?"

"काही नाही. तुझी दुर्बीण पुसत होते."

"चांगली आहे अजून."

"चांगली आहे," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी फोटोवालीचा फोन आला. सामानताईने ऐकलं आणि तिच्याच तोंडून शब्द निघाले: "अजून काही हाती लागत नाही गं. संग्रहालयाकडून थोडी मुदत मागून बघ."

मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हीसुद्धा?"

फोन ठेवल्यावर सामानताईला आरशासमोरून जावं लागलं, तेव्हा तिने मान वळवून घेतली.

५

रविवारी तिने सगळ्यांना त्या दिवशीच्याच जागी बसवलं. बेकरीवाल्याच्या हातात रिकामा ट्रे दिला. फोटोवाली धुरांड्याच्या बाजूच्या कठड्याला टेकली, तिच्याकडे न बघता. समोरच्या बाजूला पाण्याची मोठी टाकी.

"आता सगळ्यांनी डोळे मिटा," सामानताई म्हणाली, "आणि विमान जिथे होतं तिकडे बोट करा."

डोळे मिटले गेले. आता गच्चीवर सगळे सारखे होते. बोटं वर झाली.

फोटोवालीचं बोट धुरांड्याकडे. बेकरीवाल्याचा ट्रे कलला आणि बोट धुरांड्याकडे. दादांचं बोट मात्र उलटं, टाकीकडे. आणि डॉक्टरांचं बोट दादांच्या बोटाला समांतर, टाकीकडे.

"उघडा डोळे. हात तसेच ठेवा."

बेकरीवाल्याने पाहिलं आणि हात झटकन खाली घेतला. उशीर झाला होता.

"डॉक्टर," सामानताई म्हणाली, "ती म्हणते, फोटोत तुम्ही तिच्या डोक्यावरून वर बघत होतात, आ वासून. म्हणजे धुरांड्याकडे. टाकीकडे तुमची पाठ होती. मग आज टाकी कशी आठवली?"

डॉक्टर हसले, पण हसणं अर्ध्यावर राहिलं. "बाकीचे बघत असतील तिकडे..."

"बाकीचे नाही. एकच माणूस तिकडे बघत होता, तो फोटोत पाठमोरा आलाय. तुमच्या मागे कोण कुठे बघत होतं, हे तुम्हाला तो फोटो बघून कळलं. तुम्ही तिला तो पुसायला सांगितलात. तिने पुसला नाही. संग्रहालयाने कार्ड मागितल्यावर ते तिथल्या लोकांनी पाहिलं असतं: सगळे एकीकडे, आणि मंडळाचा जाणकार दुर्बीण लावून दुसरीकडे. म्हणून बेकरीतली किल्ली नेलीत."

खालून ट्रे भट्टीत सरकवल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी शर्टाच्या खिशातून कागदी पाकीट काढलं. "फेकणार होतो," ते म्हणाले. "रोज फेकणार होतो." त्यांनी ते फोटोवालीच्या हातात दिलं आणि तिच्या नजरेला नजर न देता बोलत सुटले. "तुझं नुकसान करायचं नव्हतं गं. तू तरुण आहेस, तुला दुसरी नोकरी मिळेल, असं आम्ही... टॉवरसाहेबांकडे या गच्चीशिवाय आहे काय? त्यांना दिसत नाही हे लोकांना कळलं असतं तर..."

वाक्य हवेत तसंच राहिलं. बेकरीवाल्याच्या हातातला ट्रे फरशीवर पडला.

दादांचं बोट अजून टाकीकडेच होतं. ते त्यांनी सावकाश खाली घेतलं.

"आम्ही?" ते म्हणाले. "डॉक्टर, आम्ही म्हणालात. म्हणजे कोण कोण?"

बेकरीवाला पुटपुटला, "साहेब, गेल्या वर्षी तुम्ही बिस्किटाऐवजी माझ्या अंगठ्याला हात घातलात. तेव्हापासून."

"आणि तू, चिमणे?"

तिने ठरवून ठेवलेलं सगळं विसरून ती एवढंच बोलू शकली, "दादा, पायऱ्यांचे पट्टे माझ्या गुडघ्यांसाठी नव्हते रे."

लहानपणी वर्गात मार खाल्ला की दादा घरी येऊन बसायचे, हात मांड्यांखाली घालून. आता तसेच बसले. सामानताईला वाटलं, आपण हे शोधायला नको होतं. लगेच तिला त्या वाटण्याचीही लाज वाटली, कारण समोर ती मुलगी पाकीट मुठीत धरून रडत होती आणि तिच्यासाठी अजून कुणी एक शब्द उच्चारला नव्हता.

६

"कसं होतं ते?" दादांनी विचारलं.

"कोण?" फोटोवाली म्हणाली.

"विमान. सगळ्यांनी पाहिलं, मी सोडून. सांग मला. उपकार समजेन."

तिला सांगायचं नव्हतं. ते तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तिने नाक पुसलं आणि सांगितलं: बारीक लांब पंख, न दिसणारा धूर, डाव्या पंखाखालचं एकुलतं नळकांडं.

"दोन्हीकडे नाही? एकीकडेच?"

"एकीकडेच."

"नाकाखाली फुगवटा?"

"होता. थेंबासारखा."

"वेगाने गेलं?"

"छे. मी कॅमेरा काढून, काच पुसून, फोटो घेतला तरी ते धुरांड्याच्या आसपासच होतं."

दादा पुढे वाकले. क्षणभर त्यांचा आवाज टॉवरवरचा झाला. "नुसतं वाऱ्यावर तरंगणारं विमान एवढ्या उंच जात नाही. लढाऊ असतं तर एवढं सावकाश गेलं नसतं. प्रवासी असतं तर एका पंखाखाली ओझं घेऊन कोणी उडवलं नसतं. मुली, ते नळकांडं हवा भरून घ्यायचं. उंचावरच्या हवेचे नमुने घेतात, नाकाखालच्या फुगवट्यात यंत्रं असतात. संशोधनाचं विमान. फार थोडी आहेत तशी. नोकरीभर मी वाट बघितली, आपल्या आकाशातून एकदाही गेलं नाही." ते थांबले. "आणि गेलं तेव्हा मी ढगाकडे तोंड करून बसलो होतो. टाकीवरच्या ढगामागून रविवारचं मालवाहू चाललं होतं, ते ऐकलं. तुझ्या विमानाचा आवाज खाली पोचलाच नाही. जे ऐकलं ते पाहिलं म्हणालो. मग तू फोटो दाखवलास. तेव्हा तरी विचारायला हवं होतं, काय आहे यात? विचारलं असतं तर दिसत नाही हे सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तुला खोटी म्हणणं सोपं गेलं."

"सगळ्यांसमोर म्हणालात," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर म्हणालो." त्यांनी खिशातून फोन काढून बहिणीपुढे धरला. "संग्रहालयाच्या बाईंचा नंबर लाव."

"चष्मा घरी राहिला वाटतं..." सामानताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

"चष्म्याने काही होत नाही, चिमणे. मला दिसत नाही."

त्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं होतं, आणि तेही घराबाहेर, बेकरीच्या गच्चीवर. तिने नंबर लावला.

"नमस्कार," दादा फोनवर म्हणाले. "उद्घाटनाच्या दिवशी तुमच्या प्रदर्शनातला एक फोटो मी खोटा ठरवला. मी ते विमान पाहिलं नव्हतं. मला आता दिसत नाही, हे मी लपवलं. फोटो खरा आहे. मूळ कार्ड ती मुलगी घेऊन येईल." ते ऐकत राहिले. "हो. हो, बरोबर आहे तुमचं. आंधळ्याच्या शब्दावर फोटो खोटा कसा ठरवायचा, आणि खरा तरी कसा ठरवायचा. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेलं दुसरं कोणी आहे का, विचारता? एक मिनिट."

त्यांनी फोन कानापासून काढला आणि मंडळींच्या दिशेने पुढे धरला. दिशा जरा चुकली. हात रिकाम्या खुर्चीकडे गेला होता.

"साहेब, इकडे," असं कुणीही म्हणालं नाही. फोन हवेत होता आणि पलीकडच्या बाई "हॅलो, हॅलो" करत होत्या. सामानताईने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर फरशीकडे पाहत होते. मग ते उठले, चालत गेले, त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी दादांच्या हातातून फोन घेतला.

"मी पाहिलं," ते म्हणाले. मग फोन तोंडाशी नीट धरून पुन्हा म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं."

फोटोवालीने कार्ड पर्समध्ये ठेवलं, कॅमेरा खांद्याला लावला आणि ती जिना उतरून गेली. चहा कोणी ओतला नाही. थोड्या वेळाने टाकीच्या बाजूने चार इंजिनांचं मालवाहू आलं, आणि दादांनी दुर्बीण गळ्यातून काढून मांडीवर ठेवली.